गाडीचं ॲव्हरेज खरंच घटलं का? टाकीतल्या २० टक्के इथेनॉलचा हिशेब

“गाडी ॲव्हरेजच देईना झालीय, पेट्रोलमध्ये कायतरी मिसळतात राव!” तालुक्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभे राहा, हे वाक्य कानावर पडणारच. मिसळतात हे खरं आहे, पण चोरून नाही. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. यालाच ई-२० म्हणतात. हे उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठलं गेलं. विजेच्या गाड्यांची चर्चा कितीही होऊ द्या, गावाकडच्या बहुतेकांसाठी सध्याचं ‘हिरवं वाहन’ हेच आहे. मोटारसायकल तीच जुनी, फक्त टाकीतलं इंधन बदललंय.

हिरवं ते कसं? ऊस किंवा मका वाढताना हवेतला कार्बन घेतो आणि इथेनॉल जळताना तोच परत हवेत जातो. शिवाय धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींसाठी ही घट ५० टक्क्यांपर्यंत सांगितली आहे. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो फार कुणी सांगत नाही. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावांनी हा आकडा दोनदा वाचावा. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरमध्ये केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणावे लागले होते. तेव्हापासून मक्याला महत्त्व आलं.

ॲव्हरेज किती घटतं?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ताकद असते. त्यामुळे ॲव्हरेज घटणार, यात वाद नाही. वाद आहे तो किती, यावर. नीती आयोगानेच जुन्या बनावटीच्या दुचाकीला ३ ते ४ टक्के आणि चारचाकीला ६ ते ७ टक्के घट धरली आहे. म्हणजे ५० देणारी मोटारसायकल ४८ वर येईल. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याला वर्षाला १२ लिटरच्या आसपास पेट्रोल जास्त लागेल. लिटर शंभराच्या वर आहे, तेव्हा बाराशे रुपये कुठेच गेले नाहीत.

पण गाडी ५० वरून थेट ३८ वर आली असेल, तर ते इथेनॉलचं काम नाही. एअर फिल्टर, टायरमधली हवा, चेन, कार्बोरेटर आधी बघून घ्या. हल्ली सगळं खापर ई-२० वर फोडायची सवय लागलीय, मेकॅनिकलाही आणि आपल्यालाही.

लोकांची खरी तक्रार वेगळी आहे: ताकद कमी, मग भाव का कमी नाही? ब्राझीलमध्ये २००३ पासून कुठलंही मिश्रण चालणाऱ्या गाड्या आहेत आणि पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं. तिथला गाडीवाला इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी आहे का ते बघतो आणि मगच ते भरतो. आपल्याकडे अशी निवड नाही. तेल कंपन्यांनाही ते स्वस्त पडत नाही. २०२४-२५ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे ठरला होता. म्हणजे मका-ऊसवाल्याला चार पैसे मिळाले, देशाची तेल आयात वाचली, आणि ॲव्हरेजमधली तूट मात्र गाडीवाल्याच्या खिशातून गेली.

जुनी गाडी असेल तर

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला चालतील असे असतात. त्याआधीची गाडी लगेच बंद पडते असं नाही. पण रबराचे पाईप, वॉशर, सील लवकर कडक होऊ शकतात किंवा फुगू शकतात. सर्व्हिसिंगला पेट्रोलचा पाईप हाताने दाबून बघायला सांगा. चिरा दिसल्या तर तिथंच बदला, पेट्रोल गळण्यापेक्षा ते परवडतं.

पावसाळ्यात जास्त जपा. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी ते विरघळवून घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनला पेट्रोल जातं ते तळातूनच. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं असेल तर उघड्यावर लावलेली गाडी सकाळी किक मारमारून सुरू होत नाही, ती अशी.

शेतकऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप किंवा ग्रास कटर हंगाम संपल्यावर तसाच कोपऱ्यात ठेवला, की चार-सहा महिन्यांत आतलं पेट्रोल खराब होऊन कार्बोरेटर चोंदतो आणि आतला पातळ पडदा कडक होतो. ठेवण्याआधी टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही मोकळा होतो. बाटलीत उरलेलं मागच्या हंगामातलं पेट्रोल नव्या हंगामात वापरू नका.