व्यायलेली कुत्री थरथरू लागली तर

पिल्लं दोन-तीन आठवड्यांची, गुबगुबीत झालेली. आई मात्र धापा टाकते, येरझाऱ्या घालते, पिल्लांना जवळ घेत नाही. मग पाय ताठरतात, अंग थरथरतं. वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येतात, अंगातलं तापमान १०५-१०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतं आणि जीवावर बेततं. रक्तातलं कॅल्शियम घसरल्याची ही लक्षणं. दुधावाटे ते जितकं जातं, तितक्या वेगाने भरून निघत नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत, पिल्लं जास्त असली की हा धोका अधिक.

घरगुती उपाय करत बसू नये. पिल्लं बाजूला करून कुत्रीला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावं. तिथे हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात. पिल्लांना तोवर बाजारात मिळणारं त्यांच्यासाठीचं दूध पाजावं. गाईचं दूध त्यांना पुरेसं पडत नाही.

गाभण असताना परस्पर कॅल्शियम देणं उलटतं. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढून घेणारी यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेला कमी पडते.

प्रसूतीनंतर हिरवट, मग तांबूस स्राव काही आठवडे कमी होत जाणं स्वाभाविक आहे. त्याला दुर्गंधी, सोबत ताप असेल तर गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला असावा. कधी आत राहिलेली वार त्याला कारण ठरते. स्तन रोज चाचपून पाहावेत. एखादा गरम, कडक, दुखरा लागला किंवा पिल्लं सारखी रडू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.