कठड्यावरचं इंजिन

कोकणातल्या होड्यांची मापं आणि टिपणं घेत मी गेली वीसेक वर्षं किनाऱ्याने हिंडतो आहे. नौकाशास्त्राचं रीतसर शिक्षण नाही. उमेदीची वर्षं कारखान्यात लेथवर गेली, त्यामुळे धातू कुठे वाकतो आणि कुठे दगा देतो हे हाताला आपोआप कळतं, असा माझा समज होता. देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे तो समज अर्ध्या तासात उतरला.

एका स्नेह्याने फायबरची चोवीस फुटी शिडाची होडी जुनी विकत घेतली होती. आतलं इंजिन केव्हाच निकामी झालेलं, ते काढून टाकलेलं. होडीबरोबर किनाऱ्यावर ये-जा करायला एक रबरी डिंगी होती आणि तिच्यासाठी अडीच अश्वशक्तीचं आउटबोर्ड. डिंगी गुंडाळली की हे इंजिन होडीच्या मागच्या कठड्यावर, स्टीलच्या नळीला धरून बसवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टांगायचं. जगभरच्या शिडाच्या होड्यांवर हीच रीत आहे आणि तीत वावगं काही नाही.

वावगं आम्ही केलं. इंजिन मागे टांगलेलंच आहे, तर वारा पडल्यावर त्यानेच मोठी होडी का ढकलू नये? कठड्याची वरची नळी डेकपासून 60 सेंटिमीटर उंच होती, डेक पाण्यापासून 70. म्हणजे नळीपासून पाणी 130 सेंटिमीटर खाली. आखूड दांड्याचं आउटबोर्ड 15 इंची, म्हणजे 38 सेंटिमीटरचं मानतात. त्याखाली पंखा धरला तरी पकडीपासून फार तर 55. पंखा पाण्याच्या वर पाऊण मीटर अधांतरी! मग मी सागवानाची एक जाड फळी नळीला यू-बोल्टने आवळली, ती 90 सेंटिमीटर खाली सोडली आणि तिच्या टोकाला इंजिन बसवलं. पंखा पाण्यात 15 सेंटिमीटर बुडाला. कामावर मी खूश होतो.

ओहोटी लागली होती आणि वारा अजिबात नव्हता. इंजिन सुरू झालं, होडी हलली, मी थ्रॉटल वाढवला आणि कठड्याचा डावा खांब बुडातून कडकन उखडला. फळी फिरली, इंजिन पाण्यात गेलं. सुरक्षेची दोरी बांधली होती म्हणून ते तळाला गेलं नाही, पण आम्ही ओहोटीबरोबर मुखाकडे, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या तिकडे, सरकू लागलो. नांगर दुसऱ्या फेकीला धरला. तासाभराने मासेमारीच्या एका होडीने आम्हाला ओढून आणलं. तिच्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलाने उखडलेला खांब पाहिला आणि म्हणाला, "ता माणसान धरूक आसा, इंजिनान ढकलूक नाय."

पुढचं गणित मी त्या वाक्यावरून मांडलं. इंजिन 15 किलोचं आणि त्याचा भार नळीपासून 20 सेंटिमीटर बाहेर, असं धरलं तर नळीला पिळणारा जोर 15 गुणिले 20, म्हणजे 300 किलो-सेंटिमीटर. होडी लाटेवर आपटते तेव्हा तो दुप्पट-तिप्पट होईल; चांगला कठडा तेवढं सोसतो. आता इंजिन चालू करा. पंख्याचा रेटा उदाहरणापुरता 25 किलो धरू. तो नळीपासून 145 सेंटिमीटर खाली लागतो आहे. गुणाकार 3,625. टांगलेल्या इंजिनाच्या बारा पट, आणि तोही सतत. कठड्याचा खांब डेकला चार स्क्रूंनी धरलेला होता. लेथवर लांब दांडा नुसता चकमध्ये धरून कापायला गेलं की तो थरथरतो, म्हणून दुसऱ्या टोकाला आधार देतात. हे मला माहीत होतं. होडीवर मी ते विसरलो.

आमची पाठ खाली आत कललेली होती, त्यामुळे फळीचं खालचं टोक हवेत होतं. ते होडीच्या मागच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, टेकलं असतं तर रेटा थेट होडीत उतरला असता. ट्रान्समवर बोल्टने बसवायचा वर-खाली होणारा ब्रॅकेट नेमकं हेच करतो. इंजिन मुळात तिथलंच. ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये अमेरिकेत जे दीड अश्वशक्तीचं आउटबोर्ड बाजारात आणलं, तेही वल्हवायच्या होडीच्या मागच्या फळीवर अडकवण्यासाठीच. आपल्याकडच्या जुन्या होड्या मागूनही निमुळत्या. त्यांना अशी फळीच नव्हती. काही जुन्या होड्यांची मागची बाजू कापून सपाट केलेली मी पाहिली आहे, काहींना बाजूला आडवं लाकूड जोडलेलं. मच्छीमारांनी इंजिनासाठी होडी बदलली, कठडा नव्हे.

टांगून ठेवण्यापुरतं मात्र कठड्यासारखी सोयीची जागा नाही. ठोकळा दोन भागांचा करावा, नळीच्या गोलाईची खाच दोन्हींत कोरावी आणि मधे नळी घेऊन बोल्टने आवळावा. इंजिनाचे पकडस्क्रू थेट नळीवर कधीच लावू नयेत; नळी चेपते आणि इंजिन गोल फिरतं. एकाच आडव्या नळीवरचा ठोकळाही फिरू शकतो, म्हणून तो खालच्या दुसऱ्या नळीपर्यंत न्यावा. जागा खांबालगतची, दोन खांबांच्या मधली नव्हे. खांबाच्या बुडाखाली, डेकच्या आतून, रुंद पट्टी हवी. आमच्याकडे ती नव्हती, नुसते वॉशर होते. शिवाय स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरून फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलेलं निघालं. म्हणजे खांब कधी ना कधी हलणारच होता, माझ्या फळीने फक्त मुहूर्त काढला.

इंजिन उभंच टांगावं, डोकं वर. ते पंख्यापेक्षा खाली गेलं तर दांड्यात उरलेलं पाणी सिलिंडरकडे उतरतं. पेट्रोलचा कॉक आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन्ही बंद. पकडस्क्रू थरथरीने सैल होतात, म्हणून दोन्ही मुठींतून एक कुलूप; ते चोरालाही नडतं. सगळ्यात धोक्याची वेळ डिंगीतून इंजिन वर घेतानाची: एका हातात 15 किलो, पायाखाली हलणारं रबर, डोक्यावर कठडा. दोरी आधी होडीला बांधायची, मगच स्क्रू सैल करायचे. जमल्यास कप्पी लावून उचलावं.

स्नेह्याने आता ट्रान्समवर ब्रॅकेट बसवला आहे, लांब दांड्याच्या वेगळ्या इंजिनासाठी. डिंगीचं इंजिन त्या दिवशीच गोड्या पाण्याने धुतलं, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी काढलं, तेल दोनदा बदललं, ते चालतं. कठड्याच्या नळीवर माझ्या यू-बोल्टचे दोन चेपलेले वळ अजून आहेत. नळी बदलायची का, असं त्याने विचारलं होतं. मी नको म्हणालो, फक्त नवा ठोकळा त्यांच्यापासून वीतभर बाजूला बसवला.