निरोप पोचला काय ?

वऱ्हाडातील शेतकरी नुकसानीचा हिशेब करू लागला म्हणजे पावसाची ओढ, बोंडअळी, पडलेला भाव व कर्जाचे व्याज यांची गणना करतो. परंतु सांगितलेले काम भलतेच झाले, संस्थेची सूचना सभासदास मुदत टळल्यावर कळली, किंवा पिकावर दिसलेला रोग सालदाराने मालकास आठ दिवस सांगितला नाही, यांपासून होणारे नुकसान कोणत्याच वहीत चढत नाही. माणसे एकत्र काम करीत असता त्यांच्यांत निरोपांची देवघेव कशी होते, निरोप कोठे अडतो व कोठे बिघडतो, याचा गेल्या शंभर वर्षांत परदेशांतील कारखान्यांतून व विद्यापीठांतून पद्धतशीर अभ्यास झाला आहे. ज्याच्या शेतावर एक सालदार व चार मजूर राबतात त्याचे शेत ही एक लहानशी कचेरीच होय. आपली सहकारी संस्था तर आहेच. यास्तव त्या अभ्यासाचा जो भाग शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल तो येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम निरोप बिघडतो कसा ते पाहू. केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. एका माणसास गोष्ट वाचावयास द्यावयाची, त्याने ती आठवून लिहावयाची, ते लेखन वाचून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, अशी ओळ चालवावयाची. शेवटी असे दिसले की, गोष्ट आखूड होते, अनोळखी तपशील गळतात व उरलेला भाग सांगणाऱ्याच्या ओळखीच्या समजुतीप्रमाणे वळण घेतो. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नाही. मनाचा स्वभावच तसा आहे.

हाच प्रकार आपल्या शेतात लावून पाहा. समजा, कृषी केंद्रात मालकास सांगितले की, हे औषध दहा लिटर पाण्यास २० मिलिलिटर घ्यावे. मालक घरी येऊन सालदारास म्हणतो, "दोन झाकणे टाक." सालदार मजुरास म्हणतो, "पंपात दोन-तीन झाकनं टाकजो." पाठीवरचा पंप १५-१६ लिटरांचा असतो आणि सर्व बाटल्यांची झाकणे सारखी नसतात. तीन तोंडांतून जाताना पाण्याचे माप गळाले, औषधाचे माप बदलले, आणि हातमोजे घालावे, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून फवारू नये, हे तर कोणी उच्चारलेच नाही.

याची किंमत पैशांतच मोजावी लागते असे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयांत दाखल करावे लागले. उंच वाढलेली कपाशी, निरनिराळ्या औषधांचे मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव अशी त्याची अनेक कारणे सांगितली गेली. सारा दोष निरोपाचा होता असे आमचे म्हणणे नाही. तथापि विषाच्या तीव्रतेप्रमाणे डब्यावर लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण कायद्याने छापलेली असते, व सोबत माहितीपत्रकही असते. ते पत्रक बारीक अक्षरांत असते आणि विकत घेणाऱ्याच्या हाती पडते. प्रत्यक्ष पंप पाठीवर घेणाऱ्यापर्यंत त्यातील किती जाते, याचा विचार प्रत्येक मालकाने आपल्या मनाशी करावा.

आता निरोपाची परतीची वाट पाहू. वरून खाली जाणाऱ्या निरोपाकडे सर्वांचे लक्ष असते. खालून वर येणाऱ्याकडे फारसे कोणाचे नसते. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचे सामान बनविणारा मोठा कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात अनेक प्रयोग झाले व एल्टन मेयो यांच्या लेखनाने ते प्रसिद्धीस आले. आरंभी दिव्यांचा उजेड कमीअधिक करून काम किती वाढते हे पाहण्यात आले. पुढे १९२८ पासून सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. ठरीव प्रश्न विचारले असता कामगार आखडून बोलत. म्हणून त्यांस मनास येईल ते बोलू द्यावे असे पुढे ठरले. तेव्हा कित्येक अडचणी प्रथमच उजेडात आल्या, आणि आपले कोणी ऐकून घेतले एवढ्यानेही कामगारांच्या मनाचा भार हलका झाला.

आमची नोकरी महसूल खात्यात आवक-जावकेच्या वह्या सांभाळण्यात गेली. तेथील अनुभवावरून आम्ही सांगतो की, जावक क्रमांक हा पत्र निघाल्याचा पुरावा आहे, समजल्याचा नव्हे. कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखलेली दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यांतील कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद धरल्यावर तिची प्रत चावडीत लावावी, हितसंबंधितांस लेखी कळवावे व हरकतीसाठी १५ दिवस द्यावे, असे आहे. म्हणजे जाण्याच्या वाटेसोबत येण्याची वाटही बांधून दिली आहे. परंतु सासरी परगावी असलेल्या बहिणीस त्या चिठ्ठीचा अर्थच कोणी सांगितला नाही, तर पंधरा दिवसांचे तिचे गप्प राहणे संमती म्हणून धरले जाते. सात-बाराच्या संगणकीकरणातील चुका सुधारण्यासाठी २०१७ साली गावोगाव जे चावडी वाचन झाले त्याचे मर्म हेच. लिहिलेले मोठ्याने वाचावे, आणि ज्याचे त्याने तेथल्या तेथे बोलावे.

निरोपाची वाट कोणत्या आकाराची असावी, याचाही शोध झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत हॅरोल्ड लेव्हिट यांनी पाच-पाच जणांच्या टोळ्या करून त्यांस चिठ्ठ्यांवरून कोडे सोडविण्यास दिले. त्याचे निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध झाले. एका टोळीत सर्व चिठ्ठ्या मधल्या एका माणसाकडेच जात, जसे चाकाचे आरे तुंब्याकडे जातात. दुसरीत प्रत्येकास दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी व्यवहार करता येई. चाकाची टोळी झटपट व कमी चुका करून काम संपवी, पण मधला एकटाच खूष असे व कडेचे कंटाळत. वर्तुळाची टोळी चुका अधिक करी, पण त्यातील पुष्कळ स्वतःच दुरुस्त करी व तिच्यातील माणसे कामात अधिक रमत. ज्या संस्थेत सर्व माहिती एका सचिवाजवळच असते तिचे काम वेगाने चालते खरे. तो आजारी पडला की चाक थांबते. व्हॉट्सॲपच्या ज्या गटात अध्यक्षांशिवाय कोणास लिहिता येत नाही तोही असाच एक तुंबा होय.

फ्रान्समधील खाणींचे अभियंते हेन्री फेयोल यांनी १९१६ सालीच आणखी एक उपाय सुचविला होता. दोन खात्यांतील खालच्या माणसांनी एकमेकांशी बोलावयाचे तर कागद एका शिडीने वर चढून दुसरीने खाली यावयाचा. त्याऐवजी वरिष्ठांच्या संमतीने त्या दोघांमध्येच पूल असावा. अतिवृष्टीनंतर तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक मिळून एकाच वेळी बांधावर येऊन पंचनामा करतात, तो असाच पूल होय. (या पदांची नावे अलीकडे बदलली असली तरी लोकांच्या तोंडी हीच आहेत.) तिघे निरनिराळ्या दिवशी आले असते तर तीन आकडे निघून शेतकरी मध्येच अडकला असता.

आमच्या गुरुकुंज मोझरीचे उदाहरणही येथे विचारात घेण्यासारखे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी येथे लक्षावधी लोक एकाच वेळी स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. एवढा समुदाय एका क्षणी कसा थांबतो ? वेळ एकच आहे, ती वर्षानुवर्षे बदललेली नाही, आणि करावयाचे काम प्रत्येकास घरून निघतानाच ठाऊक असते. जे काम नेहमीचे आहे त्याचा निरोप असा ठरलेला असावा. तेथे स्पष्टीकरण लागत नाही. परंतु नवे औषध, नवे बियाणे, कर्जाची नवी अट यांचे तसे नाही. तेथे पूर्वीची ओळख नसल्यामुळे ऐकणारा आपल्या जुन्या समजुतीने अर्थ लावतो, आणि म्हणूनच त्यास उलट विचारण्याची मोकळीक हवी.

यावरून शेतकरी बंधूंनी व संस्थेच्या चालकांनी पुढील गोष्टी अमलात आणाव्या अशी आमची सूचना आहे :

१. औषधाचे किंवा खताचे माप सांगितल्यावर "समजले का?" असे विचारू नये, त्यास कोणीही "हो" म्हणतो. "आता तू काय करशील ते सांग," असे म्हणून ऐकून घ्यावे.

२. माप चमच्या-झाकणात न सांगता मापपात्र हाती द्यावे, आणि डब्यावरील रंगाची खूण फवारणाऱ्यास स्वतः दाखवावी.

३. संस्थेची सूचना फळ्यावर लावावी, दवंडीने किंवा ध्वनिक्षेपकावरून वाचावी, व पैशांचा संबंध असल्यास सभासदाची सही घ्यावी.

४. सचिवाशिवाय आणखी दोघांस तरी कर्जाच्या मुदती व कागद कोठे आहेत हे ठाऊक असावे.

५. वाईट बातमी आणणाऱ्या सालदारावर रागावू नये. एकदा रागावलेल्या मालकास पुढची अळी शेजाऱ्याकडून कळते.

६. मासिक सभेत पहिली पंधरा मिनिटे चालकांनी न बोलता सभासदांचे ऐकावे व ते कार्यवृत्तात लिहावे.

या कामास खर्च काही नाही, वेळ मात्र थोडा लागतो. खरीपाच्या गडबडीत तोच काढणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी येत्या हंगामातील पहिल्या फवारणीच्या दिवशी प्रत्येक मालकाने पंप पाठीवर चढण्यापूर्वी पाच मिनिटे पहिल्या सूचनेप्रमाणे वागून पाहावे, आणि मजुराने उत्तरात जे सांगितले ते आपल्या सांगण्याशी ताडून घ्यावे.