पूरबांधावरची सायकलवाट

सायकल हे शेतकऱ्याच्या घरातले जुने, इमानी वाहन. डेअरीला दूध घालायला, मुलांना शाळेला जायला, बाजारातून पेंडीचे पोते आणायला ती पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहे. युरोप-अमेरिकेत मात्र गेल्या काही वर्षांत हीच सायकल एका निराळ्या कारणाने घराबाहेर पडू लागली आहे. डांबरी सडक आणि मोटारींची गर्दी टाळायची. शिवारातल्या मुरमाच्या वाटा, नदीकाठचे बांध आणि रानातले कच्चे रस्ते धरून दिवसभर हिंडायचे. या छंदाला तिकडे ‘ग्रॅव्हल’ सायकलिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी.

छंद बहुतेक शहरवाल्यांचा, पण वाट शेतकऱ्याच्या रानातून जाते. म्हणून ही हकिकत आपण शेतकऱ्यांनीही जाणून घेण्याजोगी आहे.

खडीवरची सायकल

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, वाकड्या मुठींची असते. पण तिचे टायर रुंद, साधारण ३५ ते ४५ मिलिमीटरचे असतात. त्यांत हवा जरा कमी ठेवतात, म्हणजे खडीचे हादरे हातापर्यंत पोचत नाहीत आणि भुसभुशीत मातीत चाक रुतत नाही. चढ चढण्यासाठी हलके गियर आणि चिखलातही धरणारे डिस्कचे ब्रेक असतात. बाकी सायकल ती सायकलच.

अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा गुरे चारण्याचा माळरानी मुलूख आहे. तिथल्या खडीच्या रस्त्यांवर २००६ साली मूठभर हौशी लोकांनी दोनशे मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत सुरू केली. आज ती जगात गाजते. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि २०२५ ची स्पर्धा नेदरलँड्‌समधल्या लिम्बुर्ग प्रांतात झाली. परंतु शर्यती थोड्यांसाठी. बहुसंख्य लोक नुसते फिरायलाच निघतात, आणि त्यांच्यासाठी नेदरलँड्‌ससारखा देश नाही.

नदी आणि टेकडी शेजारी शेजारी

ऱ्हाईन नदी जर्मनीतून नेदरलँड्‌समध्ये शिरली की तिचे फाटे होतात. त्यांतला मोठा फाटा म्हणजे वाल नदी. तिच्या काठी नायमेखन हे जुने शहर आहे. शहराच्या पूर्वेला ओय पोल्डर नावाचा सपाट पूरपट्टा लागतो आणि त्याला अगदी चिकटून झाडीने भरलेल्या टेकड्यांची रांग उभी राहते. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी पुढची वाळू-खडी ढकलून त्या टेकड्या रचल्या. उंची जेमतेम शंभर मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ती काहीच नाही. पण सपाटीची सवय असलेल्या डच माणसाला तेवढा चढही दम काढायला पुरतो. तिथल्या एका गावाचे नावच ‘बर्ग एन दाल’, म्हणजे डोंगर आणि दरी, असे आहे.

वाट सुरू होते ती पूरबांधावरून. नदीपासून दूर थोरला मातीचा बांध असतो. तो हिवाळ्यातला मोठा पूर अडवतो. नदीलगत दुसरा ठेंगणा बांध असतो. तो उन्हाळ्यातले लहानसहान पाणी थोपवून चराऊ कुरणे वाचवतो. या दोन बांधांमधली जमीन म्हणजे नदीची हक्काची जागा. आपल्या मळईसारखी ती गाळाने सकस असते. तिथे गवत होते, गुरे चरतात. जुन्या काळी तिथली चिकणमाती काढून विटा भाजल्या जात. माती काढून झालेल्या खड्ड्यांची आता तळी झाली आहेत आणि वीटभट्ट्यांची काही जुनी धुराडी अजून उभी आहेत.

पुढे मिलिंगरवार्ड येथे शेती थांबवून जमीन नदीला मोकळी सोडली आहे. तिथे अर्धरानटी गुरे आणि कोनिक जातीची घोडी बारमाही मोकळी चरतात. या भागात बीव्हर हा प्राणी १९९४ पासून पुन्हा आणून सोडला गेला. त्यानंतर वाट टेकडीकडे वळते, बीचच्या रानातून चढते, ख्रूसबेक गावाच्या द्राक्षमळ्यांजवळून जाते आणि जर्मनीतल्या राइक्सवाल्ड जंगलाला मिळते. १९४५ साली याच मुलखात घनघोर लढाई झाली. ख्रूसबेकजवळच्या दफनभूमीत कॅनडाचे दोन हजारांहून अधिक सैनिक चिरविश्रांती घेत आहेत.

वाट चुकण्याची धास्ती नसते. चौका-चौकांत आकड्यांचे खांब रोवलेले असतात. आज जे आकडे पाहायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायचे. ही पद्धत १९९५ साली शेजारच्या बेल्जियममध्ये सुरू झाली. ती काढणारा माणूस मूळचा खाणीतला अभियंता होता आणि खाणीच्या बोगद्यांतल्या आकड्यांवरून त्याला ती सुचली.

मोटारी गेल्या कुठे?

हे सुख आपोआप आले नाही. १९७१ साली नेदरलँड्‌समध्ये रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ३३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच ‘बालहत्या थांबवा’ असे होते. पुढे तेलटंचाई आली, सरकारचे डोळे उघडले आणि मोटारींपासून वेगळ्या सायकलवाटा बांधायला जोर आला. आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि खेड्यांतली मुले कित्येक किलोमीटर सायकल मारत माध्यमिक शाळेला जातात. रविवारी हौशी स्वार ज्या वाटेने फिरतो, तीच सोमवारी शेतकऱ्याच्या मुलीची शाळेची वाट असते.

पुराने शिकवलेला धडा

या वाटेचा दुसरा धनी म्हणजे पूर. १९९५ च्या जानेवारीअखेर ऱ्हाईनला सेकंदाला सुमारे १२ हजार घनमीटर, म्हणजे सव्वाचार लाख क्युसेक पाणी आले. बांध भिजून मऊ झाले. ते फुटतील या भीतीने सुमारे अडीच लाख माणसे आणि दहा लाख जनावरे हलवावी लागली. ओय पोल्डर रिकामा झाला. दुभती जनावरे ट्रकांत चढवून परक्या गोठ्यांत नेताना घरच्या माणसांची काय अवस्था झाली असेल, हे पूर पाहिलेल्या आपल्या नदीकाठच्या वाचकांना सांगायला नको. सुदैवाने थोरले बांध टिकले.

तेव्हा एक गोष्ट कळून चुकली. बांध किती उंच करत जायचे? त्यापेक्षा नदीलाच पसरायला जागा द्यावी. तीसहून अधिक ठिकाणी तशी कामे झाली. नायमेखनसमोरच्या लेंट गावी बांध ३५० मीटर मागे घेतला आणि नदीला नवा फाटा खोदला. हे काम २०१६ साली पुरे झाले. त्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली. त्याच बांधावर आज सायकली धावतात.

पण नदीला दिलेली जागा कुणाची तरी असतेच. २००२ साली एका सरकारी समितीने सुचवले की, महापूर आलाच तर ओय पोल्डरमध्ये मुद्दाम पाणी सोडावे. गावकरी खवळले. त्यांनी सभा घेतल्या, आकडे मागितले, तज्ज्ञांशी वाद घातला, आणि शेवटी तो बेत सोडून देण्यात आला. दुसरीकडे, ब्राबांट प्रांतातल्या ओव्हरडीप पोल्डरमधल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा काढला. बांधाच्या कडेने मातीचे उंच चौथरे घालून त्यांवर घरे-गोठे नव्याने बांधायचे आणि महापुरात उरलेली जमीन पाण्याला द्यायची. आठ चौथरे झाले, जनावरे सुरक्षित झाली. मात्र तिथे आधी या संख्येच्या दुपटीइतकी शेतकरी कुटुंबे होती. बाकीच्यांना मोबदला घेऊन गाव सोडावा लागला.

पाहुणा आणि धनी

सायकलवाल्यांमुळे शेतकऱ्याला त्रासही होतो. कुरणाचे फाटक उघडे राहते, मोकळा कुत्रा मेंढरांत शिरतो, ट्रॅक्टरला वाट लवकर मिळत नाही. म्हणून ठिकठिकाणी फाटकाऐवजी चर खणून त्यावर लोखंडी दांड्या आडव्या टाकतात. सायकल त्यावरून निघून जाते, पण गुरे पाय घालत नाहीत. बांधाकडेला गवता-फुलांचा पट्टा राखणाऱ्या आणि झुडपांची कुंपणे सांभाळणाऱ्या शेतकऱ्याशी लेखी करार होतो, त्याला मोबदला मिळतो. हिवाळ्यात रानहंसांचे थवे गवत फस्त करतात, त्याचीही भरपाई मागता येते. कुणी दाराशी दूध आणि चीज विकतो, कुणी आवारात तंबू ठोकायला जागा देतो. चार पैसे घरात येतात.

हे पाहिले की आपल्या पाणंदी आठवतात. गावनकाशात रेषा असते, शिवारात मात्र ती कुणाच्या तरी नांगराखाली गेलेली असते. डच शेतकऱ्याने वाट दिली ती फुकट नव्हे आणि निमूटपणेही नव्हे. हद्द ठरली, मोबदला ठरला, फाटक कुणी लावायचे हेही ठरले. पूर येतो तेव्हा पूरपट्ट्यातली वाट पाण्याखाली जाते. पाणी ओसरले की शेतकरी आधी कुंपणाच्या तारा पाहून घेतो, गाळात अडकलेली लाकडे ओढून काढतो, आणि मगच गुरे बाहेर सोडतो. सायकली त्यानंतर येतात.