सेलरी आणि आपल्या स्वयंपाकघरातील तिची भावंडे

गेल्या काही वर्षांत सेलरी या विदेशी भाजीचा आपल्याकडे बराच बोलबाला झाला आहे. सकाळी उपाशीपोटी तिचा रस घेतल्यास वजन उतरते, रक्त शुद्ध होते, त्वचा उजळते, असे सांगणाऱ्या चित्रफिती वसतिगृहातील मोठ्या मुलींपर्यंतही पोहोचल्या आहेत. आपल्या भोजनगृहात सेलरी का नसते, असे त्या आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आम्हांस आवश्यक वाटते.

सेलरी मूळची भूमध्य समुद्राभोवतीच्या दलदलीच्या प्रदेशातली. तिचे रानटी रूप कडवट व उग्र वासाचे असते. प्राचीन ग्रीसमध्ये नेमिया येथील क्रीडास्पर्धांत विजेत्याच्या मस्तकावर याच रानसेलरीचा मुकुट चढवीत असत. जाड, रसदार देठांची आजची भाजी युरोपातील बागाईतदारांनी पुढे निवडीतून घडविली. भारतात पंजाबच्या अमृतसर परिसरात तिची लागवड होते, ती प्रामुख्याने बियांसाठी. हिरवे देठ आपल्याकडे भेटतात ते बहुधा शहरांतील हॉटेलच्या सूपमध्ये किंवा चायनीज पदार्थांत.

या भाजीत गुण आहेत, यात शंका नाही. तिच्या १०० ग्रॅम देठांत सुमारे ९५ ग्रॅम पाणीच असते. उष्मांक जेमतेम १५ असतात आणि दीड ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. पोटॅशियमही बऱ्यापैकी असते, आणि ते रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्यक ठरते. तिच्या बियांच्या अर्काने रक्तदाब काहीसा उतरल्याचे काही छोट्या वैद्यकीय प्रयोगांत दिसले आहे. पण अर्क वेगळा आणि पेलाभर रस वेगळा. देठ कचाकचा चावून खाल्ले तर पोट भरल्यासारखे वाटते, कारण त्यातील तंतू शाबूत असतात. रस गाळला की चोथ्याबरोबर तेच तंतू फेकले जातात. रक्त शुद्ध करण्याचे काम तर यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात; त्यासाठी त्यांना कोणत्याही रसाची प्रतीक्षा नसते.

सेलरी सर्वांना मानवतेच असेही नाही. युरोपात तिची ॲलर्जी असणारे लोक इतके आहेत की, खाद्यपदार्थात ती असल्यास तसे नमूद करणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनची गोळी घेणाऱ्या पालकांनीही कोणत्याही पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यांतील के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करते.

आमच्या दृष्टीने खरी चिंता वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. वर्गात डोळे मिटू लागणे, जिना चढताना धाप लागणे, पाठ केलेले न आठवणे, यांमागे पुष्कळदा आळस नसतो, रक्तातील लोहाची उणीव असते. अशा वयात न्याहारी टाळून नुसत्या रसावर राहणे म्हणजे उपचाराच्या नावाने उपासमार होय. सेलरीच्या १०० ग्रॅममध्ये लोह असते अवघे ०.२ मिलिग्रॅम.

आता तिची भावंडे पाहा. गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप आणि शेपू ही सारी सेलरीच्याच कुळातली. ज्या शेपूच्या वासाने मुले नाक मुरडतात, त्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह, २०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि सुमारे ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. सेलरीत क जीवनसत्त्व तीन मिलिग्रॅम, कॅल्शियम चाळीस. अर्थात वनस्पतींतील सगळे लोह अंगी लागत नाही. त्याचा थोडाच भाग शरीर शोषून घेते, म्हणून केवळ भाजीने रक्तक्षय बरा होईल असे आम्ही म्हणणार नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी घ्यावीच लागते. ती गुपचूप खिडकीबाहेर टाकणाऱ्यांची युक्ती आम्हांस ठाऊक आहे!

शेपूची भाजी करताना मूग डाळ, लसूण आणि थोडी हिरवी मिरची घातली की वासाचा उग्रपणा पुष्कळ मावळतो. पाला आधी धुवावा, मग चिरावा. चिरून धुतला तर सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. झाकण ठेवून, जेवढ्यास तेवढे पाणी घालून शिजवावी. शिजवताना क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, म्हणून पानात लिंबाची फोड असावी. तिच्यामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणानंतर निदान तासभर तरी घेऊ नये, कारण त्यातील टॅनिन लोहाला अडवून ठेवते. सुटीत घरी गेल्यावर मुलींच्या ताटात ही लिंबाची फोड पडावी आणि जेवणालगतचा चहा टळावा, एवढे पालकांनी पाहावे.