आधी माल, मग नकाशा

वाडा पाडायची रीत बांधायच्या बरोबर उलट. आधी कौलं उतरतात, मग रिपा, वासे, आढं. त्यानंतर मजल्याचा कडीपाट, तुळया, खांब. भिंती शेवटी. भिंतींना हल्ली जेसीबी लागतो, पण लाकूड अजूनही माणसंच उतरवतात, पहार, दोर आणि खांद्याच्या जोरावर. तुळई वरून सोडून दिली की चिरते आणि चिरलेल्या तुळईला भाव येत नाही, एवढं साधं गणित त्यामागे आहे.

पुणे, नाशिक, वाई, कोल्हापूर अशा जुन्या गावांत ‘जुने वाडे, घरे विकत घेऊन पाडून मिळतील’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. त्यातलं ‘विकत घेऊन’ महत्त्वाचं. वाड्यात सागवान भरपूर असेल तर पाडणारा ठेकेदारच मालकाला पैसे देतो. नुसतीच माती आणि दगड असतील तर मालकाला पदरचे मोजावे लागतात. म्हणून वाडा बघायला आलेला ठेकेदार वर बघत चालतो. तुळया मोजतो, कड्या मोजतो, मधेच जिन्याखाली वाकून खांबाच्या बुडाला नख लावून बघतो, आणि मग आकडा सांगतो. त्या आकड्यात मजुरी, ट्रकभाडं आणि नफा सगळं धरलेलं असतं. मालकाला वाटतं जागेचा व्यवहार झाला, लाकडाचे वरकड मिळाले. ठेकेदाराच्या लेखी व्यवहार फक्त लाकडाचा असतो.

हा माल बाजारात येण्याची कारणं जुनी आहेत. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महिन्याला चहापाण्याइतकं भाडं मिळणारा मालक कौलं कशाला शाकारेल? पुण्यात त्यावर १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर आला आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेल्यांच्या जागी फ्लॅट उभे राहत गेले. पाडकामाच्या मालाचा धंदा त्या दिवसांपासून पोसला गेला, तो आजतागायत.

आता हा माल कोण घेतं? पूर्वी गावाकडे घर बांधणारा शेतकरी घ्यायचा, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. नवं लाकूड परवडत नाही म्हणून जुनं. अलीकडे एक नवं गिऱ्हाईक आलं आहे: शेतावर किंवा गावातल्या तुकड्यावर तीन-साडेतीनशे चौरस फुटांचं लहानसं घर बांधू पाहणारं, सिमेंट शक्य तितकं कमी वापरायचं ठरवून आलेलं. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या खात्यावर जातं, हे त्याने वाचलेलं असतं. हेतू उत्तम. फक्त हा माणूस वखारीत येतो तो हातात वास्तुविशारदाचा पक्का नकाशा घेऊन, आणि तिथेच गाडी अडते. नकाशात खिडकी चार बाय साडेतीन असते आणि वखारीत त्या मापाची एकही नसते. जुन्या मालात घर बांधायचं तर क्रम उलटा लागतो. आधी माल मिळवायचा, त्याची मापं घ्यायची, आणि मग कागद पुढे ओढायचा.

जुन्या लाकडाची वखार म्हणजे शहराबाहेरच्या हमरस्त्याकडेला पत्र्याची शेड, एका अंगाला रचलेल्या तुळया, दुसऱ्या अंगाला भिंतीला टेकवलेली दारं. लाकूड घनफुटावर विकलं जातं. हिशेब सोपा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ने भागायचं. बारा फुटी, सहा बाय आठची तुळई म्हणजे चार घनफूट. वखारवाला टेप लावून चार म्हणतो आणि ते बरोबरच असतं. पण तुळईची दोन्ही तोंडं शे-दीडशे वर्षं भिंतीत गाडलेली होती, पावसाळ्यागणिक ओल पीत. तिथे टोच्या मारून बघा, बोटभर आत गेला तर प्रत्येक टोकाचा फूटभर भाग कापायलाच हवा. मग हाती उरतं दहा फूट, म्हणजे सव्वातीन घनफुटांपेक्षा थोडं जास्त. पैसे चाराचे दिले. तोंडं बघून मगच भाव करणारा आणि भाव करून मग तोंडं बघणारा, या दोघांच्या खर्चात असा फरक पडत जातो.

मधल्या अंगाला हातोडीने ठोकायचं. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत वाळवीने घर केलंय. तळाशी पिठासारखी बारीक भुकटी सांडलेली दिसली तर भुंगेरा आहे, आणि तो अजून जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला हे दोन्ही शत्रू सहसा शिवत नाहीत, पण कडेचा पांढरट भाग ते आनंदाने खातात. जुन्या तुळयांना तो भाग कमी असतो, आजच्या लवकर तोडलेल्या सागाला जास्त. जुन्या सागवानाची खरी किंमत त्याच्या वयात नसून या गाभ्यात आहे. शिवाय ते वाळायचं तेवढं वाळून झालेलं असतं. नव्या लाकडाची चौकट पहिल्या उन्हाळ्यात आवळते आणि पावसाळ्यात दार अडकतं; जुन्याची ती खोड मोडलेली असते.

अडचण खिळ्यांची. दोन-तीन पिढ्यांनी तसबिरीसाठी, पाळण्यासाठी, विजेच्या पट्टीसाठी ठोकलेले खिळे डोकी तुटून आत राहिलेले असतात. आरायंत्रावर तुळई चिरताना असा एक खिळा लागला की पात्याचे दात गेले. त्यामुळे पुष्कळ आरेवाले जुनं लाकूड घेतच नाहीत, घेतलं तर चिराईचा दर जास्त लावतात आणि पातं तुटल्यास भरपाई तुमची, हे आधीच बजावतात. धातू शोधायचं हातातलं यंत्र आता फार महाग राहिलेलं नाही. तुळईवरून ते फिरवायचं, जिथे वाजेल तिथे खडूने गोल करायचा आणि खिळा पकडीने उपटायचा. एका तुळईला अर्धा दिवस सहज जातो. हा अर्धा दिवस अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

मुंबईच्या चाळी, गिरण्या आणि गोद्यांमधून निघणारं लाकूड वेगळं, ते बर्मा टीक. त्यामागे मोठी गोष्ट आहे. १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशच्या जंगलातून साग काढायची. किती ओंडके काढले यावरून थिबा राजाच्या दरबाराने १८८५मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला, इंग्रजांना निमित्त हवंच होतं, युद्ध झालं आणि राज्य गेलं. पदच्युत राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथे त्याच्यासाठी १९१०मध्ये राजवाडा पुरा झाला आणि १९१६ साली तिथेच तो वारला. परळ-लालबागच्या पाडकामातून आलेल्या एखाद्या तुळईचा साग थिबाच्या जंगलातला असू शकतो. वखारवाला याबद्दल काही बोलणार नाही. तो ‘बर्मा आहे’ एवढंच म्हणेल आणि भाव वाढवून सांगेल. प्रत्येक लालसर लाकूड बर्मा नसतं, हेही ध्यानात असू द्यावं.

दारांच्या रांगेत माणूस हरवतो. गणेशपट्टी कोरलेली चौकट दिसली की पाकिटाकडे हात जातो. आधी उंची मोजा. जुनी दारं साडेपाच फुटांचीही असतात, वाकून आत यायची; शिवाय खाली जाडजूड उंबरा. काही बिजागरीवर नसतातच, वरखाली कोरलेल्या खुंटीवर फिरतात, त्यामुळे चौकटीवाचून नुसती फळी घेतली तर ती लटकवायची कशावर हा प्रश्न पडतो. कडीकोयंडे आधीच काढून वेगळे विकलेले असतात. ते शोधायला पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी लागते. लहान घराला कोरीव दार एक पुरे. दोन झाली की घराचं दुकान होतं.

रंगाचं एक सांगायला हवं. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचे थर कोरडे घासून किंवा ज्योत मारून काढू नयेत. पाणी मारून खरवडावं, भुकटी गोळा करावी, आणि त्या वेळी घरातली पोरं दुसरीकडे पाठवावीत.

कौलांचा हिशेब वेगळा आहे आणि माझ्या मते जुन्या मालात सगळ्यात चोख सौदा तोच. मंगळूरला बाझल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत कोकणापासून देशापर्यंत नळ्याची कौलं मागे पडत गेली. शंभर चौरस फूट पाख्याला साधारण दीडशे मंगळुरी कौलं लागतात. बारा बाय पंचवीसच्या घराला चारी बाजूंनी दोन फुटांची वळचण आणि पावसाला पुरेसा उतार धरला तर पाखं पाचशेच्या वर जातं, म्हणजे आठशे कौलं. फुटतूट धरून नऊशे आणावीत. एक मध्यम घर उतरलं की एवढी एका जागी मिळतात. एका जागी मिळणं हेच मोलाचं, कारण प्रत्येक कारखान्याच्या साच्याचं माप थोडं वेगळं. पाठीवरचा शिक्का बघून एकाच कारखान्याची घ्या. दोन शिक्क्यांची मिसळ केली तर खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि पहिल्याच मृगात बादल्या ठेवायची वेळ येते. हातात उभं धरून बोटाने टिचकी मारायची: खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बोदं वाजलं तर बारीक तडा आहे. रिपा मात्र कौलं आल्यावरच ठोकायच्या, त्यांच्या मापाने. सुतार आधी ठोकून मोकळा झाला तर सगळं पाखं उसवावं लागतं.

विटा आणि चिऱ्यांचं सगळं चुन्यावर अवलंबून आहे. चुना विटेपेक्षा मऊ. जोड सुटतो, वीट शाबूत राहते, खरवडून पुन्हा वापरता येते. सिमेंट विटेपेक्षा कठीण, म्हणून भिंत फोडली की वीट तुटते आणि जोड तसाच राहतो. कोकणातला जुना चिराही मातीत किंवा चुन्यात बसवलेला असेल तर पुन्हा कामाला येतो, कडा तासल्या की झालं; हवेवर राहून तो उलट टणक झालेला असतो. शहाबादी फरशी अशीच, पालथी घालून पुन्हा घासता येते.

काही वस्तू फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. सरळ केलेल्या जुन्या सळ्या, जुनी वायर आणि बटणं, गंजलेले पाण्याचे पाइप. सिमेंटचे जुने पत्रे तर मुळीच नकोत. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि तोडताना-भोकं पाडताना त्याचे तंतू उडतात. जुनी फ्लशची टाकीही सोडून द्यावी, एका वेळी दहा लिटरच्या वर पाणी ओतणारी टाकी पर्यावरणाच्या नावाने बसवण्यात हशील नाही. आणि सागवानाची पावती जपून ठेवा. वाटेत वनखात्याच्या माणसाने विचारलं तर दाखवायला हवी.

पैसे वाचतात का? लाकडात वाचतात, मजुरीत जातात. खिळे काढणं, रंग खरवडणं, प्रत्येक खिडकी वेगळ्या मापाची म्हणून भिंत त्या मापाने चढवणं, हे सगळं वेळखाऊ. मोठ्या घरात हा वेळ खर्चाला बुडवतो. लहान घरात दारं दोन, खिडक्या चार, तुळया सहा; तेवढ्यात एक जाणता सुतार निभावून नेतो. जुना माल आणि लहान घर यांचं जमतं ते इथे. खणांचं मापही मदतीला येतं. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, वाड्याची मोजदाद त्याच मापात व्हायची, आणि ज्या कड्या एका खणाला पुरत होत्या त्या नव्या घरातही तेवढ्याच अंतराला पुरतात. नकाशा खणांत आखला की कापाकापी टळते.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी अशी जुन्या मालाची घरं आयुष्यभर बांधली. १९४०च्या दशकात मुंबईत बोटीची वाट बघत थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि घर पाच मैलांच्या परिसरातल्या मालातून व्हावं ही कल्पना त्यांनी तिथून उचलली. पुढे तिरुवनंतपुरमला राहून त्यांनी पाडकामाची दारं-खिडक्या नव्या भिंतींत बसवली आणि मंगळुरी कौलं स्लॅबच्या पोटात घालून काँक्रीट वाचवलं. दुसऱ्या टोकाला नवी मुंबईतल्या बेलापूरचं कोलाज हाउस. एस प्लस पीएस या वास्तुविशारदांनी त्याची दर्शनी भिंत मुंबईतल्या पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांची केली, शंभर वर्षं जुने खांब गच्चीवर उभे केले. काम देखणं आहे, पण ते ऐसपैस घर आहे, आणि तिथे जुना माल मिरवायला आहे. दोन्ही चालतं. आपण कशासाठी घेतोय हे मात्र गिऱ्हाइकाला ठाऊक असावं, नाहीतर वखारवाल्याला ते पहिल्या मिनिटात कळतं.

वाडे संपत आले आहेत. आता पडतायत त्या १९६०-७०च्या दशकातल्या सोसायट्या, आणि त्यांच्यात सागाची तुळई कुठली! स्लॅबचा राबीट होतो. २०१६च्या नियमांनी बांधकाम-पाडकामाचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं, त्याची खडी-वाळू करता येते. लोखंड भंगारात जातं. जालन्याचे कारखाने अशाच भंगारातून नव्या सळ्या करतात. लहान घरवाल्याच्या कामाचं उरतं ते फ्लॅटच्या आतलं: कोटा फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, खिडक्यांचे ग्रिल, सागाच्या चौकटी (त्या दशकांत अजून लावत), जिन्याचा कठडा. एकाच इमारतीत वीस सारख्या मापाच्या खिडक्या, हा तर वाड्यात कधी न मिळालेला फायदा. पण हा माल वखारीपर्यंत क्वचितच धड पोचतो. रहिवासी घरं रिकामी करतात आणि ठेकेदाराची माणसं घण घेऊन शिरतात, त्या मधल्या काही दिवसांत सेक्रेटरीला गाठायचं, ठेकेदाराशी बोलायचं, आणि स्वतःचा सुतार नेऊन चौकटी अखंड काढून घ्यायच्या. घण चालायला लागल्यावर ग्रॅनाइटचे दोन तुकडे होतात आणि तेही भरावात जातात.