गुह्यांगावरील चामखिळी व त्यांचे निर्धोक उपचार

जो विकार चारचौघांत बोलून दाखवितां येत नाहीं, त्याचे उपचार बहुधा दार लावूनच होतात. जननेंद्रियांवर अथवा गुदद्वाराभोंवतीं उठणाऱ्या चामखिळींची गोष्ट अशीच आहे. हातावर चामखीळ आली तर मनुष्य ती कोणासही दाखवितो. येथें मात्र तो मौन धरतो, आणि चुना, सोडा, तेजाब किंवा हातापायांच्या चामखिळींकरितां मिळणारें औषध स्वतःच लावूं लागतो. या जागेची त्वचा अत्यंत नाजूक असते. त्यामुळें रोगानें जी इजा झाली नसती ती उपचारानें होते. कातडी जळते, व्रण चिघळतात, आणि मूळ विकार तसाच राहतो.

हा विकार ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूमुळें होतो. त्याचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत; त्यांपैकीं ६ व ११ या क्रमांकांचे प्रकार बहुतांशीं या चामखिळींस कारण होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास मुख्यतः कारण होणारे १६ व १८ हे प्रकार निराळे. म्हणून चामखीळ दिसतांच कर्करोगाचें भय धरूं नये. संसर्ग बहुधा शरीरसंबंधांतील त्वचेच्या स्पर्शानें होतो; परंतु चामखीळ दिसूं लागण्यास त्यानंतर कांहीं आठवडे, महिने, क्वचित् वर्षेंही लागतात. तेव्हां ती आज दिसली एवढ्यावरून पतिपत्नींनीं एकमेकांविषयीं संशय घेणें न्यायाचें होणार नाहीं.

उपचाराची पहिली पायरी निदानाची. उपदंशाच्या दुसऱ्या अवस्थेंतही या जागीं चपटे, ओलसर उंचवटे येतात. त्यांस पेनिसिलिन हवें, आणि ते ओळखण्यास रक्ततपासणी लागते. उलट, कांहीं पुरुषांच्या शिश्नमण्याच्या कडेस मोत्यांसारखे बारीक दाणे असतात. ते नैसर्गिकच असल्यानें त्यांस औषध नको.

औषध आणि विष यांतील अंतर किती थोडें असतें, हें पोडोफायलिनवरून कळतें. हिमालयांतील बनककडीच्या आणि तिच्याच कुळांतील एका अमेरिकन वनस्पतीच्या मुळांतून ही राळ निघते. १९४२ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर कॅप्लन यांनीं ती या चामखिळींवर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. ही राळ पेशींचें विभाजन थांबविते. परंतु तिचें बळ सर्वत्र सारखें नसतें, आणि ती त्वचेंतून रक्तांत शिरते. अधिक जागेवर लावल्यानें मज्जातंतूंस इजा, इतकेंच नव्हे तर मृत्यूही घडलेले आहेत. म्हणून आतां तिच्यांतील शुद्ध द्रव्य, पोडोफायलोटॉक्सिन, मोजून देतात : शेंकडा अर्ध्या प्रमाणाचें द्रावण दिवसांतून दोनदां, तीन दिवस, मग चार दिवस विश्रांति. अशीं आवर्तनें फार तर चार.

इमिक्विमॉड मलमाची रीत निराळी. तें शरीराची प्रतिकारशक्ति जागृत करतें. आठवड्यांतून तीन वेळां रात्रीं लावून सकाळीं धुवावयाचें, तेंही फार तर सोळा आठवडे. द्रव नायट्रोजनानें गोठविणें, ट्रायक्लोरॲसेटिक अम्ल लावणें, विजेनें जाळणें हे उपाय डॉक्टरांच्याच हातचे. योनीच्या किंवा गुदद्वाराच्या आंतील चामखिळींवर घरीं कांहींच लावूं नये. गर्भवतीस पोडोफायलिन व पोडोफायलोटॉक्सिन सर्वथा वर्ज्य आहेत. तिच्याकरितां गोठविण्याचा उपाय योजतां येतो.

यांपैकीं कोणताही उपाय विषाणूस समूळ नष्ट करीत नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत चामखिळी पुनः उठणें हें नेहमींचेंच. त्यामुळें निराश होऊन औषधाची मात्रा वाढविणें घातक होय. कांहींच्या चामखिळी तर आपोआपही जातात. निरोध वापरल्यानें संसर्गाचा धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाहीं.

प्रतिबंधाचा खरा उपाय लशीचा. ऑस्ट्रेलियानें २००७ सालीं मुलींना ती देण्यास आरंभ केल्यावर तेथील तरुण स्त्रियांत हा विकार झपाट्यानें ओसरला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांविरुद्धची लस २०२२ सालीं भारतांत मान्य झाली. झालेला विकार लशीनें बरा होत नाहीं. म्हणून ती किशोरवयांत, संसर्गाचा संभव निर्माण होण्यापूर्वीं देणें इष्ट. आणि विकार झालाच, तर त्वचारोगतज्ज्ञापुढें घटकाभर संकोच सोसणें हें महिनोन्महिने जळालेली त्वचा सोसण्यापेक्षां सोपें आहे.